नाव कुणाचं, नंबर कुणाचा?

1956 साल म्हटलं की आपल्या भागातल्या माणसांना एकच गोष्ट आठवते. 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा सगळा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, अजूनही लिहिलं जातं. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणखी एक गोष्ट झाली, तिची आठवण कुणी काढत नाही. केंद्रीय विक्रीकर कायदा झाला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला तर त्यावर कर कसा घ्यायचा, हे त्या कायद्याने ठरवलं. फेररचनेने आपल्या उंबऱ्यापुढून सीमा गेली आणि या कायद्याने त्या सीमेवर कागद मागायला सुरुवात केली.

सीमेचा लढा सभांत आणि मोर्चांत लढला गेला. कागदाचा लढा दुकानाच्या गादीवर आणि बऱ्याचदा माजघरातल्या वह्यांच्या कपाटापुढं चालला. त्याचा इतिहास लिहायचा तर तो आपल्यासारख्या बायकांनीच लिहायला हवा, कारण कपाट उघडून कागद शोधून द्यायचं काम आपल्याकडंच असे.

हल्ली सगळे विचारतात, धंदेवाली माणसं सरकारी कामं संगणकावर करायला कशी काय लागली? ज्यांना मोबाइलवर फोटो पाठवता येत नव्हता ते आज ई-वे बिल काढतात, हे झालं कसं? वरवरची उत्तरं दोन मिळतात. एक म्हणजे कायद्याचा धाक. दुसरं म्हणजे सोय झाली, हेलपाटे वाचले. दोन्ही खरी आहेत, पण अर्धीच. तिसरं उत्तर मला आमच्या सीमेवरच्या व्यापारात सापडलं. ते समजायला आधी 'सी फॉर्म' म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्यांच्या घरी दुकान आहे त्या हे नाव वाचूनच हसतील.

निपाणीच्या व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक कुठलं? कागल, मुरगूड, गडहिंग्लज, कोल्हापूर. सगळं चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत, सोयरिकीसुद्धा तिथल्याच. पण कायद्याच्या हिशेबी ती विक्री आंतरराज्य. समोरचा दुकानदार नोंदणी असलेला असेल तर त्याला सवलतीच्या दराने कर लावायचा. हा दर बरीच वर्षं 4 टक्के होता, 2007 साली 3 झाला आणि 2008 साली 2. अट एकच. त्या दुकानदाराने आपल्या राज्याच्या विक्रीकर कार्यालयातून नंबर छापलेला सी फॉर्म आणायचा, भरून, सही-शिक्का मारून आपल्याला द्यायचा. तो आपण आपल्या कार्यालयात दाखवायचा. फॉर्म नाही मिळाला तर सवलत गेली.

आकड्यात सांगते. 2008 साली ज्या मालाला राज्यात 12.5 टक्के कर होता असा एक लाखाचा माल गडहिंग्लजला दिला, तर फॉर्मवर कर 2,000 रुपये. फॉर्म नसेल तर 12,500. मधले 10,500 कुणी भरायचे? ज्याने माल विकला त्याने, आपल्या खिशातून, आणि वर व्याज. गिऱ्हाईक तर केव्हाच 2 टक्के देऊन मोकळं झालेलं असे.

म्हणून आमच्या घरी रंगाच्या डब्यांपेक्षा सी फॉर्मची चर्चा जास्त. सासऱ्यांना सगळे आण्णा म्हणत. महाराष्ट्रातला दुकानदार गादीवर येऊन बसला की चहा यायच्या आधी आण्णा विचारत, "फॉर्म आणलासा न्हवं?" तो म्हणे, "पुढल्या खेपेला देतो की, शेट. हापिसात शिल्लकच न्हाईत म्हणत्यात." पुढली खेप म्हणजे पुढली दिवाळी. वीर निर्वाण संवताच्या पाडव्याला नवी वही पुजायची, तिच्या शेवटच्या पानावर सासूबाईंनी मागच्या वहीतली यादी उतरून काढलेली असे. कुणाकडून कुठल्या तिमाहीचा फॉर्म यायचा, रक्कम किती. देण्याघेण्याच्या यादीपेक्षा ही यादी लांब.

यात फसवणूक फार कमी होती. बहुतेकांना खरोखरच फॉर्म मिळत नसत. त्यासाठी त्यांना तालुक्याहून जिल्ह्याला जावं लागे, दिवस मोडे, अर्जात काही राहिलं की परत. ज्याचा कर भरून झालेला नाही त्याला फॉर्म मिळत नसे. म्हणजे हेलपाटे गिऱ्हाइकाला आणि दंड विकणाऱ्याला, अशी ती गंमत होती.

पुढं राज्यांच्या विक्रीकर खात्यांनी हे फॉर्म संगणकावरून द्यायला सुरुवात केली. दुकानदाराने आपलं विवरणपत्र संगणकावरून भरलेलं असेल, खरेदीची माहिती दिलेली असेल, तर फॉर्म तिथूनच निघायचा. आता बघा काय झालं. आण्णांना स्वतःला संगणकाचं काडीचं प्रेम नव्हतं. पण त्यांनी गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, "तुमच्या वकिलाला सांगून ते ऑनलाइन करून घ्या, म्हणजे फॉर्म लगेच निघतोय. न्हाईतर पुढला माल रोखीनं, पूर्ण करासकट." सरकारने कितीही परिपत्रकं काढली तरी जे झालं नसतं ते या एका वाक्याने झालं. तिकडं तो दुकानदार आणखी कुणाकडून माल घेत होता, तोही हेच सांगत होता. चार बाजूंनी एकच तगादा. शेवटी तो गेला करसल्लागाराकडं आणि झाला ऑनलाइन.

हेच ते तिसरं उत्तर. धाक सरकारचा, सोय संगणकाची, पण हलवलं ते व्यवहारातल्या दुसऱ्या माणसाने. व्यापारी सरकारला चुकवायला शिकलेला असतो, गिऱ्हाइकाला चुकवून त्याला चालत नाही.

याच सुमारास मालाबरोबरचा कागदही बदलत होता. माल आणि कागद यांची जोडी फार जुनी. पेशवाईतही जकातीच्या चौकीवर व्यापाऱ्याला माल थांबवावा लागे आणि दस्तक असेल तर ते दाखवावं लागे. कर्नाटकाने 1979 साली जकात उठवली आणि तिच्या जागी प्रवेशकर आणला. महाराष्ट्रातल्या महापालिकांत जकात त्यानंतर पुष्कळ वर्षं राहिली, मुंबईत तर ती जीएसटी येईपर्यंत होती. राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके वेगळेच. ट्रकवाल्याने रात्री अकराला फोन करून सांगायचं, "शेट, बिलावर शिक्का न्हाई म्हणून गाडी लावून घेतलीया." मग घरातल्या कुणीतरी उठून बिलबुक घेऊन मोटारसायकलवर नाक्यावर जायचं. मागं राहिलेल्या बाईने दार उघडं ठेवून जागायचं.

जीएसटीच्या बरीच वर्षं आधी कर्नाटकाच्या खात्याने 'ई-सुगम' नावाची पद्धत आणली. माल निघण्याआधी बिलाची माहिती संगणकावर भरायची, एक नंबर मिळायचा, तो ड्रायव्हरजवळ द्यायचा. पुढं देशभर आलेल्या ई-वे बिलाची घडण याच धर्तीवर झाली. 1 एप्रिल 2018 पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागू झालं. त्याच दिवशी राज्याच्या आतल्या वाहतुकीलाही ते सुरू करणारं पहिलं राज्य कर्नाटक होतं. इथंही तेच पाहिलं. ई-वे बिल कुणी मागितलं? सगळ्यात आधी ट्रान्सपोर्टवाल्याने. रस्त्यात गाडी धरली तर त्याची गाडी अडकते, म्हणून त्याने सांगितलं, "नंबर असला तरच पोती चढवतो." अधिकारी कधीतरी भेटतो. ट्रान्सपोर्टवाला रोज भेटतो.

जीएसटी 1 जुलै 2017 ला आला तेव्हाचे दिवस तुम्हांला आठवत असतील. त्या आठवड्यातच कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा यांच्यासह वीसहून जास्त राज्यांनी सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठवले. सी फॉर्मची कटकट जवळपास सगळ्या मालापुरती संपली. यादी लिहिणारी वही कपाटात गेली. पण सोय म्हणाल तर पहिले काही महिने सोयीचं नाव नव्हतं. शेवटच्या तारखेला पोर्टल हटकून अडकायचं. ठरवलेली तीन विवरणपत्रं पुढं ढकलून एक सुटसुटीत पत्र, 3 बी, तात्पुरतं म्हणून काढावं लागलं. तेच आजपर्यंत चालू आहे. नुसत्या सोयीसाठी माणसं ऑनलाइन जात असती तर त्या पावसाळ्यात सगळी परत फिरली असती.

ती फिरली नाहीत, कारण जीएसटीने सी फॉर्ममधला तो दोर प्रत्येक बिलाला बांधला. समजा मी एक लाखाचा माल घेतला आणि त्यावर 18 टक्क्यांनी 18,000 कर दिला. तो माल विकताना मला जो कर भरायचा आहे त्यातून हे 18,000 वजा मिळतात. कधी? विकणाऱ्याने आपल्या पत्रात माझं बिल दाखवलं तर. 1 जानेवारी 2022 पासून तर कायद्यातच स्पष्ट लिहिलं आहे की त्याने बिल दाखवलेलं नसेल तर मला वजावट नाही. म्हणजे त्याने आळस केला की 18,000 माझे जातात. मग मी त्याच्याकडून पुन्हा माल घेईन का?

2017 साली या करपद्धतीत साधारण 66 लाख नोंदणीदार होते. आता ते सुमारे दीड कोटी आहेत. यांतले सगळेच काही कायद्याने सक्ती झाली म्हणून आले नाहीत. उलाढाल मर्यादेच्या खाली असूनही आपणहून नोंदणी करता येते, आणि ती करणारे आहेत. का करतात? मोठं दुकान म्हणतं, "जीएसटी नंबर असेल तरच माल घेतो." सरकारनेही ही साखळी वरून खाली सोडली. संगणकावरच तयार होणारं ई-इनव्हॉइस 2020 च्या ऑक्टोबरात फक्त 500 कोटींवरच्या धंद्यांना होतं. मग 100 कोटी, 50, 20, 10, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटी. प्रत्येक पायरीवर वरच्याने खालच्याला ओढलं.

आता आपल्याकडं येते. ज्या बायका घरी कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोणची करून विकतात त्यांना ही साखळी कशी लागते, ते सीमेवरच कळतं.

वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात आणि कर्नाटकात त्याला जीएसटी नोंदणीची गरज नाही. सांगलीची एखादी बाई कोल्हापूरच्या दुकानांना मसाला देते, तिला ही सूट मिळते. निपाणीची बाई तोच मसाला, त्याच कोल्हापूरच्या दुकानाला देते, तिला मात्र पहिल्या पिशवीपासून नोंदणी हवी. का? दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकणाऱ्याला उलाढालीची सूट नाही म्हणून. हाताने केलेल्या काही हस्तकलेच्या वस्तूंना सवलत दिली आहे, मसाल्याला नाही. छोट्यांसाठी जी सोपी कंपोझिशन योजना आहे, कमी दर आणि कमी कागद, तीही परराज्यात माल विकणाऱ्याला घेता येत नाही. याच बाईने पाचशेहून जास्त किलोमीटरवर बंगळूरला मसाला पाठवला तर नोंदणी नको. चाळीस किलोमीटरवर कोल्हापूरला पाठवला, की हवी. तिची चव कोल्हापूरची, भाषा कोल्हापूरची, माहेर बहुतेक तिकडचंच. बंगळुरात तिचा मसाला कोण विचारणार?

म्हणून सीमेवरच्या बाईपुढं दोनच वाटा उरतात. एक, घरगुती गिऱ्हाईक दारात येऊन पिशवी घेऊन जाईल तेवढंच विकायचं. दोन, कोल्हापूरचं दुकान हवं असेल तर ऑनलाइन यायचं, दरमहा नाहीतर तिमाहीला पत्र भरायचं. सांगलीच्या बाईला हे जेव्हा जमेल तेव्हा करता येतं. आपल्याला पहिल्याच दिवशी. 1956 चे ते दोन कागद आजही एकमेकांना धरून आहेत, ते असे.

बऱ्याच जणी दुसरी वाट धरतात आणि चांगलं चालवतात. पण खरा प्रश्न यापुढं आहे, आणि त्यासाठीच मी हा सगळा इतिहास सांगत बसले.

दुकानांची, छोट्या कारखान्यांची कितीतरी नोंदणी घरातल्या बाईच्या नावावर असते. कधी कर्जासाठी, कधी घरातला दुसरा धंदा वेगळा दिसावा म्हणून, कधी खरोखरच तो तिचा धंदा असतो म्हणून. पॅन तिचं, आधार तिचं, फोटो तिचा. आणि मोबाइल नंबर? तो नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर करसल्लागाराच्या कार्यालयातल्या एखाद्या मुलाचा. ओटीपी त्याच्या फोनवर येतो. नोटीस त्याच्या ईमेलवर जाते. तो मुलगा नोकरी सोडून गेला, की नंबरही गेला.

माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या नावावर असंच एक खातं होतं. सहा महिने पत्रं भरली गेली नाहीत, नोंदणी रद्द करण्याची नोटीस निघाली, ती कुणाच्या तरी ईमेलमध्ये पडून राहिली. काकूंना कळलं ते कोल्हापूरच्या दुकानदाराच्या फोनवरून. "काकू, तुमचा नंबर बंद दाखवतोय, आमची वजावट अडकलीया. बिल कसं घ्यायचं?" बघा, इथंही बातमी गिऱ्हाइकाकडूनच आली. कायद्यापुढं मात्र उभ्या राहिल्या त्या काकू. उशिराची फी, व्याज, उत्तर, सगळं मालकाला भरावं लागतं, आणि कागदावर मालक त्याच होत्या.

आकडेही हीच गोष्ट सांगतात. 1 जुलै 2020 पासून लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी फुकट आणि पूर्णपणे ऑनलाइन आहे. बँकेकडून उद्योग म्हणून कर्ज हवं तर ती लागते, म्हणून माणसं ती करतात. 2024 च्या सुरुवातीच्या सरकारी आकड्यांत या नोंदणीतले बायकांच्या मालकीचे उद्योग सुमारे एक पंचमांश होते. जीएसटी नसलेल्या अगदी छोट्या उद्योगांसाठी 2023 साली 'उद्यम असिस्ट' सुरू झालं, त्यात बँक नाहीतर कर्ज देणारी संस्था आपल्या वतीने नोंद करून देते. तिथं बायकांचं प्रमाण सुमारे 70 टक्के. मला यात आनंदही वाटतो आणि काळजीही. एवढ्या बायकांचा धंदा सरकारदरबारी लिहिला गेला हे मोठंच झालं. पण जिथं दुसरं कुणी नोंद करून देतं तिथं आपण गर्दी करतो, आणि जिथं आपल्या हाताने करायची तिथं पाचात एक.

कुणी म्हणेल, इंग्रजी पोर्टल, घरकाम सांभाळून हे कुठं शिकत बसायचं? भाषेची अडचण खरी आहे. पूर्वी कचेरीच्या खिडकीवर कानडी हवं होतं, आता पडद्यावर इंग्रजी हवं, आपली मराठी दोन्हीकडं बाहेरच. पण सी फॉर्मची यादी ठेवणाऱ्या माझ्या सासूबाई मराठी चौथी शिकलेल्या होत्या. फॉर्मवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. रक्कम, तिमाही आणि नाव, एवढं ओळखायला त्या शिकल्या होत्या आणि तेवढ्यावर त्यांनी घराचे हजारो रुपये वाचवले. सल्लागार लागतोच, तो ठेवावा, त्याची फी द्यावी. त्याने पत्र भरावं. पण नंबर आपला असावा.

म्हणून चार कामं या महिन्यात करून टाका. आपल्या नावावर काय काय नोंदलेलं आहे, जीएसटी, उद्यम, अन्नसुरक्षा, ते एका कागदावर लिहून काढा. प्रत्येक ठिकाणी मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते विचारा, लाजू नका. दुसऱ्याचा असेल तर बदलून घ्या. जीएसटीमध्ये ओटीपी हाताशी असेल तर हा बदल पोर्टलवरच होतो. जुना नंबर हरवला असेल तर आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडं ओळखीचे आणि धंद्याचे पुरावे घेऊन अर्ज द्यायचा, तो नंबर बदलून देऊ शकतो. आणि पत्र भरल्यावर येणारा मेसेज दर वेळी स्वतः वाचा.

आपल्या आज्या तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावून फिरत. तिजोरीत घरच्या सगळ्यांचं असे, हिशेब पुरुष मांडत, पण किल्ली मागायला त्यांच्याकडं यावं लागे आणि कशाला हवी ते सांगावं लागे. सहा आकडी ओटीपी ही त्याच कामाची किल्ली आहे. ती कुणी मागितली तर द्यायच्या आधी एवढंच विचारायचं, "कशाला हवी?"